नेटवर सापडलेलं जपायचं कसं, आणि मुळात सापडतं कुठे

प्रश्न असा आला होता: "नेटवर भटकताना एकदम भारी गोष्टी सापडतात. जुने नकाशे, कुणाचा तरी कधीच थांबलेला ब्लॉग, शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक. बुकमार्क करते, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवते, पण सहा महिन्यांनी हवं असतं तेव्हा एक तर सापडत नाही नाहीतर लिंक मेलेली असते. एका ॲपमध्ये 400 लिंका साठवल्या होत्या, तेही बंद झालं. कोल्हापूरच्या तालमींवर फोटोंचा एक सुंदर ब्लॉग होता तोही असाच गेला. तुम्ही लोक हे कसं सांभाळता आणि नवीन काही शोधायला जाता कुठे?"

उत्तर लांब होणार आहे, कारण मी 2006 पासून हेच करतोय. एका छोट्या मासिकासाठी आणि दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंकांसाठी संदर्भ, चित्रं, जुने मजकूर शोधून द्यायचं काम आहे माझं, आणि त्याच्या अलीकडे पलीकडे जे काही सापडतं ते माझ्यासाठी. त्यामुळे तुम्ही जे लिहिलंय त्यातलं जवळजवळ सगळं माझ्याबाबतीत होऊन गेलंय.

पहिली गोष्ट. बुकमार्क म्हणजे नुसता पत्ता, वाडा पाडला की वहीतल्या पत्त्याचा काय उपयोग. आणि नेटवर वाडे फार भराभर पडतात. प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये मोजून दाखवलं होतं की 2013 मध्ये जी वेबपानं होती त्यातली 38 टक्के दहा वर्षांनी उघडतच नव्हती. इंग्रजी विकिपीडियाचे लेख तपासले तर 54 टक्के लेखांच्या संदर्भांत निदान एक तरी मेलेली लिंक निघाली. म्हणजे तुमचं काही चुकतंय असं मनात आणू नका, हे सगळ्यांचंच होतंय.

माझ्या डोळ्यादेखत किती गेलं बघा. याहूने जिओसिटीज ऑक्टोबर 2009 मध्ये बंद केलं, लोकांनी हौसेने हाताने बनवलेली पानं होती ती, लाखो. आवडत्या ब्लॉगांचं नवं लिखाण एका जागी आणून देणारं गूगल रीडर 1 जुलै 2013 ला गेलं. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला, त्यावर आपल्या लोकांच्या किती कम्युनिटी होत्या आठवतंय का, गावांच्या, शाळांच्या, किल्ल्यांच्या. बटण दाबलं की कुठलं तरी नवं पान समोर आणणारं स्टंबलअपॉन 2018 मध्ये. आणि लेख नंतर वाचायला साठवायचं पॉकेट 8 जुलै 2025 ला. पॉकेटवाल्यांनी एक्सपोर्ट दिलं होतं, पण त्यात लिंक, शीर्षक, टॅग एवढंच, लेखाचा मजकूर नाही. "नंतर वाचू" म्हणून ठेवलेल्यांच्या हातात शेवटी पुन्हा पत्त्यांचीच यादी आली.

आणि हे फक्त कंपन्यांचं नाही. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर 2023 मध्ये सायबर हल्ला झाला, त्यानंतर कित्येक महिने त्यांची डिजिटल हस्तलिखितं बाहेरच्या माणसाला दिसत नव्हती. एवढी मोठी संस्था. म्हणून मी आता कुठल्याच एका दारावर विसंबत नाही.

मी करतो काय ते सांगतो. काही आवडलं की तीन गोष्टी तिथल्या तिथे, लगेच, उद्यावर न टाकता. एक, त्या पानाची प्रत माझ्याकडे. दोन, हे का ठेवलं ते माझ्या शब्दांत एका ओळीत. तीन, इथपर्यंत कसा पोचलो तो माग. यातली प्रत ठेवायचं सगळेच सांगतात, ओळ काही जण सांगतात, मागाबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फळ त्यानेच दिलंय.

प्रतीचं आधी उरकतो. कॉम्प्युटरवर असाल तर ब्राउझरमध्ये सिंगलफाइल नावाचं एक्स्टेन्शन टाका, फुकट आहे. एक बटण दाबलं की अख्खं पान, चित्रांसकट, एकाच फाइलमध्ये उतरतं आणि नेट नसलं तरी उघडतं. ब्राउझरच्या नेहमीच्या सेव्हने फाइल वेगळी आणि चित्रांचं फोल्डर वेगळं असं होतं, मग एक हलवलं की दुसरं मागे राहतं, ते दुखणं यात नाही. फोनवर असाल तर प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ करा, दिसायला एवढं नीट येत नाही पण मजकूर राहतो. अभ्यासासाठी जमवत असाल तर झोटेरो घ्या, 2006 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलेलं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट, ते पानाची प्रत आपोआप घेतं आणि लेखक, तारीख वगैरे वेगळं नोंदवून ठेवतं.

ही झाली आपल्या घरातली प्रत. दुसरी प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, जिथे नेटवरच्या पानांच्या जुन्या प्रती साठवून ठेवतात. ही संस्था ब्रूस्टर केलने 1996 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केली आणि वेबॅक मशीन लोकांसाठी 2001 मध्ये खुलं झालं. तिथे "सेव्ह पेज नाऊ" म्हणून चौकट आहे, लिंक टाकायची आणि थांबायचं, मिनिटभरात पान साठवलं जातं आणि त्याचा कायमचा पत्ता मिळतो. ही प्रत सगळ्यांच्या उपयोगाची, उद्या कुणीतरी तेच शोधत आलं तर त्याला तुमच्यामुळे सापडेल. मात्र फक्त त्यावर राहू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये इंटरनेट आर्काइव्हवरही हल्ला झाला होता, साइट काही दिवस बंदच होती. शिवाय साइटच्या मालकाने मागणी केली तर तिथलं पान काढलं जाऊ शकतं. आणि फेसबुक, इन्स्टाग्रामवरच्या पोस्टी तिथे नीट साठतच नाहीत, तिथला मजकूर सरळ कॉपी करून, लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकून स्वतःकडे ठेवावा लागतो.

लिंक ठेवताना पूर्ण ठेवा, छोटी केलेली नको. छोटी लिंक म्हणजे मध्ये आणखी एक दलाल, तो गेला की मूळ पान जिवंत असूनही आपल्याला दिसत नाही. गूगलने स्वतःच्या छोट्या लिंका बंद करायचं जाहीर केलं तेव्हा केवढी धावपळ झाली, नंतर त्यांनी वापरात असलेल्या ठेवतो म्हणून सांगितलं, पण तोवर लोकांचा जीव टांगणीला. आणि फेसबुकवरून आलेल्या लिंकला प्रश्नचिन्हानंतर जे लांबलचक शेपूट असतं ते बहुतेक वेळा छाटलं तरी चालतं, छाटून एकदा उघडून बघा आणि मगच ठेवा.

आता ती एक ओळ. मी आधी फोल्डर करायचो, इतिहास, खाद्य, भाषा, नकाशे असे. सहा महिन्यांत कळलं की मजेशीर गोष्ट कधीच एका फोल्डरची नसते. कोकणातल्या मिठागरांचा जुना नकाशा कुठे टाकाल, नकाशात, कोकणात, की खाद्यात? म्हणून आता फोल्डर फक्त वर्षाचं आणि फाइलच्या नावात आधी तारीख, वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे आपोआप क्रम लागतो. फाइलचं नाव मी रोमन लिपीत ठेवतो, कारण देवनागरी नावाच्या फाइली झिप करून दुसरीकडे उघडल्या की कधीकधी नावाच्या जागी नुसते चौकोन येतात. बाकी सगळा शोध त्या ओळीच्या जिवावर.

ती ओळ आपल्या शब्दांत का, तर पान असतं इंग्रजीत आणि आपल्या डोक्यात ते बसतं मराठीत. दोन वर्षांनी मला आठवतो "हौदा", "लाल माती", "घुमणारा पैलवान", आणि त्या पानावर यातलं काहीच नसतं, तिथे इंग्रजीत कुस्तीचा खड्डा असं काहीतरी असतं. मग कितीही सर्च करा, येणार कुठून? म्हणून नोंद करताना मी मुद्दाम असे शब्द घालतो जे मला नंतर आठवतील, आणि गावाचं नाव मराठी आणि रोमन दोन्हीत. टॅगांच्या फार मागे लागू नका. माझ्याकडे 25 च्या आसपास आहेत, एका काळी 300 होते, आणि त्या 300 चा काहीच उपयोग नव्हता, कारण कुठला टॅग कधी लावायचा हेच लक्षात राहत नव्हतं.

एक नोंद जशीच्या तशी दाखवतो, म्हणजे कळेल (ग्रिअर्सन म्हणजे भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणारे ब्रिटिश अधिकारी):

"2025-11-08. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणातल्या ग्रामोफोन तबकड्या, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया लायब्ररीच्या साइटवर. 1913 ते 1929 मध्ये भरलेले आवाज. बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट, बायबलातल्या उधळ्या मुलाची, पण प्रत्येकाच्या बोलीत. कसा पोचलो: मोल्सवर्थच्या कोशात एक शब्द बघायला गेलो होतो, मग त्याच साइटच्या मुख्य पानावर चढलो. का ठेवलं: ही माणसं बोलतायत, श्वास ऐकू येतो, तबकडीची खरखर मध्ये. पुढे बघायचं: सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा, त्यात हीच गोष्ट लिहून दिलीय बोलीबोलींत, ती समोर ठेवून ऐकायचं."

एवढंच. पाच मिनिटं लागली असतील. पण यातली "कसा पोचलो" ही ओळ वाचा परत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1831 चा आणि मग वाढवलेली आवृत्ती 1857 ची, त्या साइटवर आहे हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असतं, शब्द शोधतात आणि निघून जातात. मी त्या दिवशी साइटच्या मुख्य पानावर चढलो म्हणून आवाज सापडले. तिथेच दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. आता ही सवय नोंदीत लिहून राहिली म्हणून मी ती सगळीकडे वापरतो, कुठल्याही संस्थेच्या आतल्या पानावर गूगलने आणून सोडलं की मी पत्त्यातले तिरप्या रेघेनंतरचे तुकडे एकेक पुसत वर चढतो. आपण मागच्या दाराने आत आलेलो असतो, घर किती मोठं आहे ते पुढून बघितल्याशिवाय कळत नाही.

हा माग ठेवायचा विचार मला कुठल्या ॲपमुळे सुचलेला नाही. समर्थ संप्रदायाच्या मठांमध्ये बाडं असायची. बाड म्हणजे हाताने लिहिलेली वही, त्यात जे आवडलं ते उतरवून घ्यायचं, एक अभंग, एक आरती, कुणाचे चार श्लोक, पुढच्या पानावर आणखी वेगळंच काहीतरी. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात अशा बाडांचा मोठा संग्रह आहे, शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून मिळवलेला. आणि त्याच धुळ्यात शेवटची वर्षं काढलेले इतिहासाचार्य राजवाडे. त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले, पहिला 1898 मध्ये, आणि प्रस्तावना वाचल्यात तर कागद कुठल्या गावात, कुठल्या घराण्याकडे, कसल्या अवस्थेत मिळाले ते सांगत जातात. त्या घराचं नाव कळलं की पुढच्या माणसाला तिथे जाऊन आणखी कागद विचारता येतात. नेटवरच्या सापडलेल्या वस्तूचंही मला अगदी तेच वाटतं. ती कुणाकडे सापडली हे लिहून ठेवलं की त्या घरात पुन्हा जाता येतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, शोधायला कुठे जाता याचं माझं मुख्य उत्तर हेच की विषयाच्या मागे कमी जा आणि माणसाच्या मागे जास्त जा. 2003 मध्ये जोशुआ शॅक्टरने डिलिशस नावाची साइट काढली होती, लिंका साठवायची, तिची खरी मजा साठवण्यात नव्हती. तुम्ही ठेवलेली लिंक आणखी कुणी कुणी ठेवलीय ते दिसायचं, मग त्या माणसाने दुसरं काय ठेवलंय ते बघायचं, आणि असं करत रात्रीचे दोन वाजायचे. अनोळखी माणूस, कधी बोलणं नाही, पण त्याची नजर आवडायला लागायची. ती साइट गेली, पण ती युक्ती अजून चालते. इंटरनेट आर्काइव्हवर एखादं जुनं मराठी पुस्तक सापडलं की खाली ते कुणी चढवलं त्याचं नाव असतं, त्यावर क्लिक करा. गावातल्या वाचनालयाची पुस्तकं स्कॅन करून चढवणारे लोक आहेत, एकेकाने शेकडो चढवलेली असतात, ती नुसत्या शोधाने कधीच वर येत नाहीत. विकिमीडिया कॉमन्सवर एखादा फोटो आवडला की तो काढणाऱ्याचे बाकीचे फोटो बघा, आणि फोटोच्या खाली वर्ग असतात त्यातून एक पायरी वर जा. यूट्यूबवर लोककलेचा एखादा जुना तुकडा सापडला की चॅनलची पूर्ण यादी, सगळ्यात जुन्यापासून.

माणूस आवडला की त्याला आरएसएसमध्ये टाका, म्हणजे त्याने ब्लॉगवर नवीन काही लिहिलं की ते आपोआप तुमच्या रीडर ॲपमध्ये येतं. गूगल रीडर गेलं म्हणून लोकांना वाटतं आरएसएस गेलं, तसं अजिबात नाही, फीडली आहे, इनोरीडर आहे. ब्लॉगस्पॉटच्या किंवा वर्डप्रेसच्या बहुतेक ब्लॉगचा पत्ता रीडरमध्ये टाकला की फीड आपोआप सापडतं. मराठीतले 2007 ते 2012 च्या आसपासचे किती तरी सुंदर ब्लॉग अजून तसेच उभे आहेत, मधूनच चार वर्षांनी एखादा माणूस पुन्हा लिहितो आणि माझ्या रीडरमध्ये सकाळी ते टपकन येऊन पडतं. तो दिवस माझा चांगला जातो, खरंच.

शोधायच्या शब्दांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठी माणसाला यातलं दुसऱ्या कुठल्या भाषेतलं मार्गदर्शन पुरत नाही. 1962 मध्ये शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीची छपाई वेगळी आहे. राजवाड्यांच्या खंडाचं नाव आपण "इतिहासाची साधने" असं टाकतो, छापलेलं असतं "इतिहासाचीं साधनें". तेव्हा जुनं काही शोधताना अनुस्वार घालून एकदा आणि काढून एकदा असं दोन्ही करून बघा. "पुस्तकें", "गांव", "नांव", "कांहीं" हे टाकलं की वेगळंच जग उघडतं. मी एकदा "गांवें" एवढा एक शब्द अवतरणचिन्हात टाकून एका जिल्ह्याच्या नावाबरोबर शोधला आणि पूर्ण संध्याकाळ पुरेल एवढं मिळालं.

इंग्रजीत शोधताना इंग्रजांच्या काळातली नावं रोमन लिपीत टाका, पूना, थाना, शोलापूर, बसीन, आणि मराठासाठी महरट्टा, त्यात ह नंतर आर असतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची जी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत त्यांची नावं तर रोमनमध्ये इतकी वेडीवाकडी टाइप झालीत की पुस्तकाच्या नावाने शोधणं सोडूनच द्या. लेखकाचं आडनाव चार पद्धतींनी आणि शक्य असेल तर प्रकाशनाचं वर्ष, अशाने जास्त लागतं. एक नक्की करा, उघडून पहिली चार पानं बघा, कारण नाव एक आणि आत पुस्तक दुसरंच असंही निघतं आणि कधी ते दुसरंच जास्त भारी असतं.

गूगलवर अवतरणचिन्ह, विशिष्ट साइटपुरता शोध, फक्त पीडीएफ हे तुम्हाला माहीत असेलच. त्यात एवढी भर घाला की निकालांच्या वर "वेब" नावाचा टॅब असतो, 2024 पासून आलाय, तो निवडला की एआयचा सारांश आणि बाकीची गर्दी जाऊन साध्या निळ्या लिंका उरतात. इंग्रजी वाचत असाल तर मार्जिनेलिया नावाचं एक सर्च इंजिन आहे, स्वीडनमधल्या एका माणसाने केलेलं, ते मुद्दाम छोट्या, जाहिराती नसलेल्या, हौशी साइटींना पुढे आणतं. आणि अगदी काहीच सुचत नसेल तर मराठी विकिपीडियावर "अविशिष्ट लेख" दाबत बसा, दहातला एक तरी लागतो.

तुमच्या तालमींचंच उदाहरण घेऊ. कोल्हापूरवर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 24 वा खंड आहे, 1886 चा, स्कॅन केलेला मिळतो, आधी तो उघडून आत कुस्ती, पैलवान, तालीम असं इंग्रजीतून वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधा. मग खासबाग मैदान, शाहू महाराजांनी बांधलं, 1912 मध्ये सुरू झालं, या नावाने फोटो शोधा. मग तालमींची नावं एकेक घ्या, गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, आणि प्रत्येकाला "जुने फोटो" जोडून मराठीत, तेच रोमनमध्ये. "कोल्हापूर कुस्ती" एवढंच टाकाल तर बातम्यांच्या ढिगाखाली जाल, तालमीचं नाव घेतलं की त्या तालमीत घाम गाळलेल्या माणसाच्या नातवाने लिहिलेलं पान येतं. आणि तो नातू सापडला की विषय सोडा, त्याच्या मागे जा.

जुन्या मराठी पानांची एक वेगळी अडचण आहे, ती सांगायलाच हवी. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर देवनागरी सारखीच दिसायची पद्धत, रुळायच्या आधी प्रत्येक साइटचा स्वतःचा फॉन्ट असायचा. आज वेबॅक मशीनमधून 2002-2003 चं पान काढलंत तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि वर टिंबं-रेघा असलेली विचित्र चिन्हं दिसतात. लोक बघतात आणि "करप्ट झालंय" म्हणून बंद करतात. करप्ट काही नाही, मजकूर पूर्ण आहे, फक्त त्याचा फॉन्ट आपल्याकडे नाही. मला एका लेखासाठी असंच एक पान मिळालं होतं, वरपासून खालपर्यंत नुसती ती चिन्हं. पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडला, त्यात फॉन्टचं नाव लिहिलेलं होतं, त्या फॉन्टवरून युनिकोड करणारा कन्व्हर्टर शोधला, मजकूर त्यात ओतला आणि पहिलंच वाक्य एका आज्जींच्या चुलीबद्दलचं आलं. वेलांट्या अर्ध्या अक्षरांच्या भलत्या बाजूला गेलेल्या, रफार हरवलेले, ते हाताने बसून नीट केले, दोन तास गेले असतील. पण 20 वर्षं कुणी न वाचलेलं ते पान मी वाचत होतो. तेव्हा असं पान दिसलं तर कृपा करून सोडून देऊ नका, तसंच्या तसं सेव्ह करा आणि नोंदीत फॉन्टचं नाव लिहा.

व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवण्याबद्दल. वाईट नाही ते, पण तो खिसा आहे, कपाट नाही. मीही रस्त्यात असलो की तेच करतो. फक्त रविवारी सकाळी चहाबरोबर खिसा रिकामा करायचा, आठवड्यात आलेलं एकेक उघडायचं, अजून आवडतंय का बघायचं, आवडलं तर प्रत, ओळ, माग, नाहीतर पुसून टाकायचं. निम्मं पुसलं जातं आणि तेच बरं आहे. स्क्रीनशॉट काढत असाल तर वरची पत्त्याची पट्टी त्यात येऊ द्या, नाहीतर सुंदर चित्र हातात आणि ते कुणाचं, कुठलं काही पत्ता नाही. सगळं जमवलेलं दोन ठिकाणी असू द्या, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि एक क्लाउड.

नावाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मनापासून मागतो. प्रत स्वतःच्या वाचनासाठी ठेवणं वेगळं आणि पुढे पसरवणं वेगळं. आपल्याकडे चांगला लेख हातोहात फिरतो आणि तिसऱ्या हातात जाईपर्यंत लेखकाचं नाव गळलेलं असतं. ज्यांनी 10-12 वर्षं आपल्या गावाबद्दल एकट्याने लिहिलं त्यांना त्यांचाच लेख "वाचनात आलेलं" म्हणून परत येतो, हे मी ऐकलंय त्यांच्या तोंडून, आणि त्यातल्या काहींनी त्यानंतर लिहिणं सोडलं. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर 60 वर्षांपर्यंत हक्क राहतो, म्हणून पाठवायचंच तर लिंक पाठवा, नावासकट. आणि जमलं तर त्या माणसाला दोन ओळींचा मेल टाका की तुमचं पान सापडलं, आवडलं. मी टाकतो. अशा मेलांना आलेल्या उत्तरांतूनच मला आजवरच्या सगळ्यात चांगल्या गोष्टी मिळाल्यात, एकांनी तर आजोबांच्या संग्रहातल्या जुन्या जत्रांच्या हँडबिलांचे फोटो काढून पाठवले, नेटवर कुठेच नव्हते ते.

आता त्या 400 लिंकांचं. एक्सपोर्टची फाइल असेल तर ती घाबरून न जाता एक्सेलमध्ये उघडा, आणि रोज दहाच घ्या. शीर्षक वाचून काहीच आठवत नाही ती ओळ काढा. आठवतंय ती उघडा, उघडली तर वरच्यासारखी तिन्ही कामं, नाही उघडली तर वेबॅक मशीनमध्ये तोच पत्ता टाका. तिथे कॅलेंडर येतं, ज्या तारखांवर गोल असतात त्या दिवशीची प्रत आहे. शेवटची तारीख मुद्दाम टाळा, कारण शेवटच्या तारखेला बहुतेकदा "हे पान सापडत नाही" याचीच प्रत असते, मधली एखादी घ्या.

आणि तुमचा तालमींचा ब्लॉग. तुम्ही म्हणताय तो गेला, पण त्याची लिंक तुम्ही कधीतरी स्वतःला पाठवली असणार ना? मग पत्ता अजून तुमच्याकडेच आहे. त्या चॅटच्या नावावर टॅप करा, मीडिया आणि लिंकांचा भाग उघडा, त्यात लिंकांचा टॅब असतो, खाली खाली जा. पान मेलं तरी तिथे छोटं चित्र आणि शीर्षक राहिलेलं असतं. पत्ता मिळाला की आधी वेबॅक मशीन. ब्लॉगस्पॉटचा असेल तर मजकूर येईल पण फोटो कदाचित येणार नाहीत, कारण फोटो दुसऱ्या पत्त्यावर ठेवलेले असतात, तेव्हा चार-पाच वेगवेगळ्या तारखा उघडून बघा, एखाद्या तारखेला फोटोही साठलेले असतात. तिथे नाही जमलं तर तोच पत्ता फीडलीत टाका. ब्लॉग चालू असताना कुणी एकाने जरी तो तिथे लावला असेल तर जुन्या पोस्टी त्यांच्याकडे साठलेल्या असतात आणि मूळ ब्लॉग पुसल्यावरही दिसतात, मी अशा रीतीने दोन ब्लॉग पूर्ण परत मिळवलेत. पत्ता सापडला की इथे टाका, मीही माझ्या बाजूने बघतो, कोल्हापूरच्या तालमींवरचं माझ्याकडे 2011 पासूनचं थोडं जमवलेलं आहे, त्यात तो असूही शकेल.